पितळी कडेचा वळ

डोळ्याभोवती उठणारा वळ पूर्ण वर्तुळ कधीच नसतो. नाकाच्या बाजूला तो तुटतो, कारण तिथे कातडीखाली लगेच हाड लागते आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीची पितळी कड नीट टेकत नाही. गालाच्या बाजूला मात्र तो खोल आणि रेखीव उमटतो. आधी पांढरा, मग गुलाबी, मग हळूहळू पुन्हा कातडीच्या रंगाचा. विशीत तो कॉफीला उकळी फुटायच्या आत नाहीसा होत असे. आता बावन्नाव्या वर्षी तो बराच वेळ टिकतो, आणि पावडर लावली तर रंग झाकला जातो पण खोबण राहते. सिग्नेने हे सगळे बाहेरच्या खोलीतल्या आरशात पाहिले, दुसऱ्या कुठल्या बाईच्या गालाकडे पाहावे तसे. मग तिच्या लक्षात आले की डोक्यावर हॅट अजून तशीच आहे, डाव्या हातात हातमोजा आहे आणि उजव्या हाताचा तेवढा काढलेला आहे. बारीक स्क्रू फिरवायला उघडी बोटे लागतात. म्हणजे सभागृहातून घरी आल्यावर आपण कोट काढला नाही, नवऱ्याजवळ, आल्गोतजवळ, बसलो नाही, त्याला पाणी हवे का विचारले नाही. एक हातमोजा ओढून काढला आणि सरळ शिवणाच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसलो, सूक्ष्मदर्शकाखालच्या सकाळी अर्धवट राहिलेल्या रेघा बघायला.

आतल्या खोलीत पलंग करकरला. तो आडवा झाला असावा, किंवा उठून बसला असावा. इतक्या वर्षांनंतरही पलंगाच्या आवाजावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. संध्याकाळी ब्रोर लिंडेलच्या मेजवानीला जायचे होते. ब्रोर हा आल्गोतचा शेवटचा विद्यार्थी, आज दुपारी डॉक्टर झालेला. तळ्यांच्या तळाशी साठलेल्या गाळातले डायटम हा त्याचा विषय, आणि आल्गोतचाही: एका पेशीची शैवाले, काचेचे कवच असलेली, धुळीच्या कणाहून लहान. प्रबंधाच्या पहिल्या पानावर ब्रोरने आपल्या गुरूंच्या 'अचूक नजरेचे' ऋण मानले होते आणि पुढच्याच ओळीत प्राध्यापकीणबाईंच्या, म्हणजे सिग्नेच्या, कॉफीचे. तीन आठवड्यांपूर्वी रिवाजाप्रमाणे तो प्रबंध त्याने विद्यापीठाच्या दाराजवळच्या फळीवर हातोडीने खिळा ठोकून लावला, तेव्हा सिग्ने तिथे उभी होती. 'अचूक नजर' हे शब्द वाचून तिला अभिमान वाटला होता. अभिमान, आणि त्याच्या खाली लगेच दुसरे काहीतरी, नाकाजवळच्या कातडीखाली हाड लागावे तसे.

सकाळचे दृश्य पुन्हा पुन्हा येत होते, आणि प्रत्येक वेळी थोडे अधिक स्पष्ट. सभागृहाबाहेरचा लांब कॉरिडॉर. काळे कोट, पांढरे टाय, सगळे आपापल्या मानाप्रमाणे रांगेत. डीन आधीच आत गेले होते, पण त्यांचा काळा ओव्हरकोट आणि उंच हॅट दाराशेजारच्या खुंट्यांच्या खांबावर होती. आल्गोत दारापाशी आला, थांबला, आणि त्या कोटाला कमरेतून वाकला. मग बाजूला सरकून त्याने हात पुढे केला: आपण आधी. आणि तो वाट पाहू लागला. डीनच्या आधी दारातून जायचे नसते हे त्याच्या हाडात आहे. प्राध्यापकाच्या आधी जायचे नसते हे त्याच्या मागच्या सगळ्यांच्या हाडात. त्यामुळे प्रबंधावर हरकती घ्यायला नेमलेले विरोधक थांबले, दुय्यम प्राध्यापक थांबले, ब्रोर बिचारा कागद छातीशी धरून थांबला, आणि सबंध मिरवणूक एका कोटाने आत जावे म्हणून ताटकळत उभी राहिली.  शेवटी दारावरच्या शिपायाने आल्गोतच्या कोपराला हात लावला. गॅलरीच्या जिन्यावरून सिग्नेने हे पाहिले. चार पायऱ्या उतरून तिला त्याच्यापर्यंत जाता आले असते. पण बायकांनी त्या दाराने जायचे नसते, आणि हे कारण तिला त्या क्षणी इतके पटकन सापडले की आता आरशासमोर उभी असताना तिला त्या पटकनपणाचीच लाज वाटत होती.

एवढ्यावर थांबले असते तर निभावले असते. पण पहिले दोन विरोधक प्रबंधाची खरोखर चिरफाड करतात आणि तिसऱ्याचे काम असते लोकांना हसवण्याचे. तिसरा होता स्टेलान हॉक, प्रयोगशाळेतलाच एक लांब मानेचा तरुण. तो उठला, घसा साफ केला आणि गंभीरपणे म्हणाला की प्रबंध उत्तम आहे, फक्त एक महत्त्वाची जात त्यातून सुटली आहे. ती आज सकाळी खुद्द प्राध्यापक महाशयांनी दाराबाहेर शोधून काढली. कवच लोकरीचे, रंग काळा, पाय एकच, जमिनीला चिकटलेला, हालचाल नाही, माथ्यावर नळकांड्याच्या आकाराची वाढ. आणि मानाने इतकी मोठी, की तिच्या आधी कुणी आत जाऊ शकत नाही. सभागृह हशाने फुटले. डीन डोळे पुसत होते. पहिल्या रांगेत आल्गोत सगळ्यांहून मोठ्याने हसत होता, चुकीच्या दिशेला तोंड करून. आणि गॅलरीत सिग्ने हसली. हातमोजा तोंडापर्यंत पोचायच्या आत तो आवाज नाकातून निसटला होता. ती हसली कारण वर्णन बरोबर होते. आधी कवच, मग पाय, मग हालचाल, मग माथा: क्रमसुद्धा चुकला नव्हता. तिच्यातला जो भाग हसला तो बायको नव्हता, प्राध्यापकीणबाई तर नव्हताच. तो भाग लग्नाच्या आधीचा होता, आणि तो अजून जिवंत आहे हे कळावे ते अशा वेळी.

तिने कोट आणि हॅट काढून खुंटीवर ठेवली. खुंटीकडे बघवेना.

लग्नाच्या आधी ती आणि आल्गोत एकाच टेबलावर काम करीत. मध्ये एकच दिवा, दोन सूक्ष्मदर्शक, आणि 'दाखव' हा शब्द. काहीही सापडले की दुसरा म्हणायचा, दाखव, आणि खुर्ची सरकवून मान घालायचा. परीक्षेत ती त्याच्याहून वरच्या वर्गात उत्तीर्ण झाली होती. मग लग्न, मग मुलगा झाला, पेर, आणि तेव्हाचे जुने प्राध्यापक प्रेमळपणे म्हणाले होते की एका घराला एक वनस्पतिशास्त्रज्ञ पुरे. तिला ते फारसे लागले नव्हते. पुढे आल्गोतला प्राध्यापकाची खुर्ची मिळाली आणि तिला हुद्दा. दूधवाला, पाद्री, विद्यार्थी, सगळे तिला प्राध्यापकीणबाई म्हणू लागले. कॉफीला लोक आले की बिस्किटे सात प्रकारची हवीत. सहा केली तर यजमानीण कंजूष, आठ केली तर तोरा मिरवणारी. ती सातच करी, आणि त्यात तिला एक प्रकारचा आनंदही मिळे, कारण लोणी आणि पिठाचे प्रमाण हेसुद्धा प्रमाणच. तेवीस वर्षे असे गेले. तिने एकदाही तक्रार केली नाही. तक्रार करण्यासारखे काही आहे हे तिला माहीत नव्हते, असे ती स्वतःला सांगे.

चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आल्गोतने सूक्ष्मदर्शक घरी आणला. प्रयोगशाळेतला उजेड वाईट आहे म्हणाला. शिवणाच्या खोलीतली उत्तरेची खिडकी त्याला पसंत पडली. शिवणयंत्र भिंतीकडे सरकवले गेले. एका दुपारी त्याने तिला हाक मारली आणि म्हणाला, जरा बघ, रेघा धूसर दिसताहेत, भिंग मळलंय का? तिने भिंग काढून उजेडात धरले. ते स्वच्छ होते. तिने ते तरीही मऊ कातड्याने पुसले, परत बसवले, आणि नीट बसले का हे पाहण्यासाठी डोळा लावला. होडीच्या आकाराचे एक कवच तिथे तरंगत होते आणि त्याच्यावरच्या रेघा इतक्या लख्ख होत्या की एकेक मोजता आली असती. हे सगळे इतकी वर्षे इथेच होते. तिच्याशिवाय चालले होते. डोळा काढला तेव्हा ती म्हणाली, "हो, मळलं होतं." आल्गोतने पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "आता बरं दिसतं." दोघेही खोटे बोलले होते, आणि दोघांनाही ते कळले होते, आणि त्या दिवसापासून त्याने आधी रोज थोडा वेळ, मग सकाळभर, तिला बघायला बसवले. तो शेजारी आरामखुर्चीत डोळे मिटून बसे. ती सांगे, तो नावे देई. कधी कधी तीच नावे देई आणि तो मान हलवी. विद्यापीठात तो ते सगळे बोलून दाखवी, आणि त्याचा आवाज अजून उत्तम होता.

डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले होते, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू. गेल्या ऑक्टोबरात ते म्हणाले की पिकलाय, केव्हाही या; काही दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निश्चल पडावे लागेल, मग जाड चष्मा, आणि मग पुष्कळ दिसेल. पुष्कळ, असाच शब्द त्यांनी वापरला. परत येताना नदीकाठी आल्गोत म्हणाला, आधी ब्रोरचं होऊन जाऊ दे. आणि सिग्ने म्हणाली, हो, तेच बरं. ते ती इतक्या तत्परतेने म्हणाली होती की तो क्षणभर थांबला. त्याच्या आधी तपासायला जाणेच टळत गेले होते: थंडी होती, थंडीत कशाला. मग उन्हाळा, उन्हाळ्यात बेटावरचे घर. प्रत्येक वेळी सबब त्याची असे आणि तिला टेकू सिग्नेचा. तिने कधी ठरवून असे केले नाही. तळ्याच्या तळाशी गाळ ठरवून बसत नाही. वसंतात एक फिका थर, हिवाळ्यात एक काळा, आणि वरून पाणी अगदी नितळ दिसते. पण नळी खुपसून तो गाळ वर काढला तर थर दिसतात. आज स्टेलानने नळी खुपसली होती, हसत हसत. त्यात थर असे दिसले: नवऱ्याला दिसू लागले तर तो त्या खिडकीशी बसेल, आणि मी भिंतीकडे. म्हणून त्याला दिसू नये.

ते वाक्य मनात पूर्ण तयार झाले तेव्हा तिला गालावरचा वळ दुखल्यासारखा वाटला.

जिन्यावर चपलांचा आवाज झाला. हेद्विग, आल्गोतची मोठी बहीण, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून वरच्या मजल्यावर राहते. तिने कॉफीचा ट्रे आणि वेलदोड्याचे पाव आणले होते.

"तू एका हातमोज्यानं कॉफी घेणार आहेस का?" ती म्हणाली.

सिग्नेने दुसरा हातमोजा काढला. हेद्विगने कॉफी ओतली, साखरेचा खडा दातांत धरला आणि त्याच्यावरून बोलू लागली. तीही सभागृहात होती. आमचे वडील धर्मगुरू, म्हणाली, पण बिशप घरी आले तरी ते इतके वाकले नसतील. सिग्ने म्हणाली की तो दमलाय, आठवडाभर झोप नाही, शिवाय तिथे काळोख असतो.

"काळोख कॉरिडॉरमध्ये नाही, त्याच्या डोळ्यांत आहे. परवा माझ्या मांजरीला त्यानं उशी समजून थोपटून सारखं केलं. तिला आवडलं, ती गोष्ट वेगळी." तिने खडा चावला. "तू त्याला डॉक्टरकडे का नेत नाहीस?"

"तो ऐकत नाही."

किती सफाईने आले ते. हेद्विगने कप खाली ठेवला आणि शाळेत नकाशावर चुकीच्या देशाला काठी लावणाऱ्या मुलीकडे पाहत असेल तसे तिच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, थांबून, मुलीनेच काठी हलवावी म्हणून.

"तुझं तो सगळं ऐकतो, सिग्ने. लग्नाच्या आधीपासून. आमच्या आईला त्याचंच तर दुःख होतं." मग पाव मोडता मोडता, "गालाला काय झालंय?"

"हॅटची जाळी रुतली."

"गोल जाळी," हेद्विग म्हणाली. "नवीन फॅशन दिसते."

आणि ती पावाचा अर्धा तुकडा मांजरीसाठी रुमालात बांधून वर गेली. सिग्ने कॉफी गार होईपर्यंत बसून राहिली. बाहेर लायलॅक फुलला होता आणि मे महिन्याचा उजेड अजून टळटळीत होता. या दिवसांत संध्याकाळ झाली हे घड्याळात पाहूनच कळते. शिवणाच्या खोलीचे दार उघडे होते. खिडकीशी सूक्ष्मदर्शक मान वाकवून उभा होता आणि त्याच्याखाली ती काच तशीच होती, जिच्यावर आज तिला असे काही दिसले होते जे पूर्वी कधी दिसले नव्हते. आत्ताही, या सगळ्यानंतरही, तिचे लक्ष तिकडेच ओढले जात होते. लाज वाटली म्हणून ओढ कमी होत नाही. हे तिने एखादे निरीक्षण करावे तसे मनाशी नोंदले, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

"सिग्ने," आल्गोतने आतून हाक मारली. "बटणं."

तो पलंगाच्या कडेला बसला होता, मेजवानीसाठी नवा कडक इस्तरीचा सदरा अंगात, शिंपल्याची बटणे तळहातावर. ही बटणे तो हल्ली स्वतः लावत नाही. ती त्याच्यासमोर वाकली आणि खालून वर लावू लागली. कांजीचा वास, त्याच्या दाढीच्या साबणाचा वास. जवळून पाहिले की त्याच्या बाहुल्या काळ्या राहिलेल्या नाहीत हे दिसते. गारेच्या आत असते तसे दुधी काहीतरी. ती ते रोज पाहते आणि तिथे नजर ठरू देत नाही. आज तिने ठरू दिली.

"स्टेलाननं वर्णन चांगलं केलं," तो म्हणाला. "कवचापासून सुरुवात केली. मुलगा पुढे जाईल."

तिने दुसरे बटण लावले.

"तू हसलीस. मी ऐकलं."

तिची बोटे थांबली. इतक्या लोकांत, गॅलरीतून, इतका बारीक आवाज.

"तुझं हसू मी कुठंही ओळखतो," आल्गोत म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच तिला सहन होईना. "किती दिवसांत ऐकलं नव्हतं. बरं वाटलं."

तो चिडला असता तर तिला काहीतरी बोलता आले असते. तिसरे बटण हातातून निसटून गालिच्यावर पडले. तिने ते उचलले, वर पाहिले, तेव्हा त्याने तिच्या गालाला हात लावला, लाडाने, जसा तो कधी कधी लावतो, आणि त्याचा अंगठा त्या खोबणीवर थांबला. तो वळाच्या कडेकडेने हळूच फिरला, नाकापाशी तुटतो तिथपर्यंत, आणि परत. तेव्हा तिला कळले की हे त्याने पूर्वीही केले आहे. पुष्कळदा. हा हात लाडाचा आहे असे ती समजत आली होती.

"आत्ता बसली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"काय आहे?"

"रेघा मधोमध तुटतात. आणि पुढे वळतात. असं मी कुठंच पाहिलेलं नाही."

त्याचा चेहरा उजळला. पाठ ताठ झाली, मान पुढे आली, आणि त्याच्या तोंडून निघाले, "दाखव."

शब्द निघून गेल्यावर तो तसाच बसला, मान पुढे केलेली, हात तिच्या गालावर. मग हात खाली आला. तो थोडेसे हसला, सभागृहात हसला तसेच. सिग्नेने त्याच्या सदऱ्याच्या छातीवर तळहात ठेवला. कडक कापडाच्या आत श्वास हलत होता. एवढा वेळ ती क्षमा मागायचे शब्द जुळवीत होती. ते सगळे एकदम निरुपयोगी झाले. क्षमा मागितली असती तर त्याने ती लगेच केली असती, आणि सोमवारी सकाळी ती पुन्हा खिडकीशी जाऊन बसली असती.

"आल्गोत, सोमवारी मी डोळ्यांच्या हॉस्पिटलला फोन करते. ऑपरेशन करून घ्यायचं."

"उन्हाळा आलाय. बेटावर—"

"बेट कुठं जात नाही."

"अजून नीट पिकला नसेल."

"पिकलाय. ऑक्टोबरातच पिकला होता. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आपण दोघंही तिथं होतो."

 तिने शेवटचे बटण लावले, कॉलर बसवली, पांढरा टाय घेतला आणि गाठ बांधू लागली. गाठीसाठी तिला त्याच्या इतके जवळ यावे लागत होते की तिचा श्वास त्याच्या हनुवटीला लागत असावा.

"मग तू?" तो म्हणाला.

दोनच शब्द. त्यांत काय आहे हे तिला वाचता येईना. तो इतके दिवस सुरीला भीत होता, की आरामखुर्चीत बसून ऐकायला त्याला आवडू लागले होते, की तिच्यासाठीच त्याने ते दूध डोळ्यांत राहू दिले होते. आणि कदाचित त्याला स्वतःलाही हे वेगवेगळे करता येत नसेल. तिच्या जिभेवर उत्तर तयार होते. माझं काय, शिवणयंत्र आहेच. प्राध्यापकीणबाईंचे उत्तर, भाजलेले, मोजलेले, ताटलीत मांडलेले, आणि ते दिले असते तर त्याने मान हलवली असती आणि दोघे वेळेवर मेजवानीला पोचले असते. तिने गाठ ओढून सरळ केली. गालावरच्या खोबणीला त्याच्या अंगठ्याची ऊब अजून होती.

"शिवणयंत्र वर हेद्विगकडे जाईल," सिग्ने म्हणाली. "त्या जागी दुसरा सूक्ष्मदर्शक येईल. माझा."